साडेचारशे अंश, दोनशे पट दाब

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीतल्या अकरावी सायन्सच्या कुठल्याही वर्गात वर्षातून एकदा ही ओळ फळ्यावर येतेच. डावीकडे नायट्रोजनचा एक रेणू आणि हायड्रोजनचे तीन, मध्ये उलटसुलट दोन बाण, उजवीकडे अमोनियाचे दोन रेणू. बाणांच्या आसपास तीन गोष्टी लिहायच्या: तापमान साधारण ४५० अंश सेल्सिअस, दाब हवेच्या सुमारे २०० पट, उत्प्रेरक लोखंड. मुलं ते पाठ करतात, सीईटीच्या एमसीक्यूमध्ये योग्य पर्यायावर टिक करतात आणि इक्विलिब्रियमचा धडा संपतो.

रसायनशास्त्राच्या सगळ्या पाठ्यपुस्तकात याहून थरारक ओळ मला माहीत नाही. त्या तीन गोष्टी पाठ करण्यासाठी नाहीतच. ती एका अवघड तडजोडीची कलमं आहेत. ही तडजोड झाली नसती तर आज जगातल्या जवळपास निम्म्या माणसांच्या ताटात अन्न पडलं नसतं, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आणि ती रोज जिथे अमलात येते ती एक जागा डोंबिवलीहून फार लांब नाही. खोणीवरून तळोज्याचा रस्ता धरला की एमआयडीसी लागते, तिथे दीपक फर्टिलायझर्सचा अमोनियाचा कारखाना आहे. २०२३ मध्ये तिथे नवं संयंत्र सुरू झालं, त्याची क्षमता वर्षाला सुमारे पाच लाख टन. खाडीपलीकडे तुर्भ्याजवळ (ट्रॉम्बे) आरसीएफ, म्हणजे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स, आणि अलिबागजवळ थळला आरसीएफचाच दुसरा मोठा कारखाना.

आधी अडचण काय होती ते बघू. मुरबाडच्या एखाद्या भातखाचरातला एक चौरस मीटर तुकडा घ्या. त्याच्यावर उभ्या असलेल्या हवेच्या स्तंभाचं वजन साधारण दहा टन भरतं. त्यातला साडेसात टनांहून जास्त भाग नायट्रोजन. त्या तुकड्यावरच्या भाताला वरून द्यावा लागणारा नायट्रोजन असतो अख्ख्या हंगामात सहा ते दहा ग्रॅम. डोक्यावर टनावारी साठा आणि पायाशी ग्रॅमची गरज, तरी रोप पिवळं पडतं. हवेतल्या नायट्रोजनचे दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना धरून असतात. तो बंध तोडायला मोलमागे ९४५ किलोज्यूल लागतात. ऑक्सिजनच्या रेणूला त्याच्या साधारण निम्मेच पुरतात. विजेचा लोळ तो तोडतो, जमिनीतले काही जिवाणू तोडतात. भाताच्या मुळांना ते जमत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही टंचाई साऱ्या जगाची काळजी झाली होती. युरोपची शेती चिलीच्या वाळवंटातून जहाजाने येणाऱ्या सोडियम नायट्रेटवर अवलंबून होती. १८९८ मध्ये विल्यम क्रुक्स या रसायनशास्त्रज्ञाने ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून बजावलं की हवेतला नायट्रोजन पकडायला शिकलो नाही तर गहू खाणारी जनता उपाशी मरेल.

आता ते आकडे. नायट्रोजन आणि हायड्रोजनचा अमोनिया होताना उष्णता बाहेर पडते, म्हणून गार परिस्थितीत समतोल अमोनियाच्या बाजूने असतो. गणित सांगतं, खोलीच्या तापमानाला जवळजवळ सगळा वायू अमोनिया व्हायला हवा. प्रत्यक्षात दोन्ही वायू एका बाटलीत भरून ठेवा, वर्षानुवर्षं काहीच घडणार नाही. तिहेरी बंध हलत नाही. तो हलावा म्हणून तापवायला गेलात की वेग येतो, पण समतोल उलटा सरकतो. ४५० अंशांना, साध्या हवेच्या दाबाला, अमोनिया मिळतो जेमतेम ०.२ टक्के. गार ठेवा तर अभिक्रिया निजलेली, तापवा तर हाती काही लागत नाही.

दाब इथे मदतीला येतो. डावीकडे चार रेणू आहेत, उजवीकडे दोन. दाबलं की समतोल कमी रेणूंच्या बाजूला झुकतो. २०० पट दाबाला, त्याच ४५० अंशांना, समतोलात अमोनियाचा वाटा पाव हिश्श्याच्या आसपास जातो. २०० पट दाब म्हणजे समुद्रात दोन किलोमीटर खोल असतो तेवढा, आणि तोही तापलेल्या पोलादाच्या भांड्यात. त्यात लोखंडाचा उत्प्रेरक घातला की वेगासाठी आणखी तापवायची गरज उरत नाही. कमी तापमान हवं समतोलासाठी, जास्त हवं वेगासाठी. ४५० अंश हा त्यातून निघालेला मधला मार्ग.

हे ज्या तत्त्वाने समजावलं जातं ते हेन्री ले शातेलिए यांनी १८८४ मध्ये मांडलं. त्याच ले शातेलिए यांनी १९०१ च्या सुमारास दाबाखाली अमोनिया करून पाहिला होता. मिश्रणात हवा शिरली, स्फोट झाला, मदतनीस थोडक्यात वाचला आणि त्यांनी तो नाद सोडला. अमोनिया आपल्या हातून निसटला ही आपल्या शास्त्रीय आयुष्यातली सर्वांत मोठी चूक, असं पुढे त्यांनीच लिहून ठेवलं. तत्त्व माहीत असणं आणि तो दाब सोसणारं भांडं हाताशी असणं यांत किती अंतर असतं, हे मुलांना याच धड्यात सांगायला हवं.

ते अंतर तोडलं जर्मनीत. कार्ल्सरूहे इथे फ्रिट्झ हेबर आणि त्यांचा तरुण सहकारी रॉबर्ट ले रॉसिन्योल यांनी टेबलावर मावेल असं उच्च दाबाचं यंत्र जुळवलं. २ जुलै १९०९ ला बीएएसएफ कंपनीच्या माणसांसमोर त्यातून थेंबाथेंबाने द्रव अमोनिया पडला. उत्प्रेरक होता ऑस्मिअम, सोन्याहूनही दुर्मीळ. त्याच्यावर जगाची शेती उभी राहणं शक्य नव्हतं. मग बीएएसएफच्या आल्विन मिट्टाश यांनी स्वस्त उत्प्रेरकाचा शोध हाती घेतला. हजारो चाचण्या झाल्या. स्वीडनच्या एका खाणीतलं लोखंडाचं खनिज अनपेक्षितपणे सरस ठरलं, शुद्ध लोखंड मात्र नाही. त्या खनिजातल्या अशुद्धीच कामाच्या होत्या. आजही लोखंडात थोडा पोटॅशिअम आणि ॲल्युमिनिअमचा ऑक्साइड मुद्दाम मिसळतात.

बीएएसएफच्याच कार्ल बॉश यांच्या वाट्याला दाब सोसणारं भांडं आलं. पोलादी नळ्या थोड्याच दिवसांत फुटायच्या. तापलेला हायड्रोजन पोलादातला कार्बन खाऊन टाकतो आणि पोलाद ठिसूळ होतं, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांचा तोडगा मला उत्प्रेरकाइतकाच सुंदर वाटतो. आत कार्बन नसलेल्या मऊ लोखंडाचं अस्तर, बाहेर दाब पेलणारं पोलाद, आणि त्या पोलादाला बारीक भोकं. अस्तरातून झिरपणारा हायड्रोजन भोकांतून निघून जातो, पोलादात मुरत नाही. सप्टेंबर १९१३ मध्ये ओप्पाऊचा कारखाना सुरू झाला.

याच अमोनियापासून नायट्रिक आम्ल होतं आणि आम्लापासून स्फोटकं. पहिल्या महायुद्धात चिलीचा रस्ता बंद झालेला जर्मनी चार वर्षं लढू शकला त्यात या कारखान्यांचा मोठा वाटा होता. हेबर स्वतः विषारी वायूच्या कामात उतरले. २२ एप्रिल १९१५ ला ईप्र इथे क्लोरीन सोडला गेला. काही दिवसांतच त्यांच्या पत्नी क्लारा इमरवार यांनी आत्महत्या केली. त्याही रसायनशास्त्रज्ञ होत्या. हेबर यांना १९१८ चं नोबेल मिळालं, बॉश यांना १९३१ चं. ओप्पाऊला १९२१ मध्ये खताचा साठा फुटून पाचशेहून अधिक माणसं गेली. धड्याच्या कोपऱ्यात हेबर यांचा फोटो छापायचा तर हेही सांगावं. तळोज्याचा अमोनियाही सगळाच शेतात जात नाही. काहीचं नायट्रिक आम्ल होतं, काहीचं खाणीत सुरुंग उडवणारं अमोनियम नायट्रेट.

आता थळला येऊ, कारण फळ्यावर न दिसणारा भाग तिथे दिसतो. १९७४ मध्ये मुंबई हायला तेल सापडलं, त्याबरोबरचा वायू उरणला किनाऱ्यावर आणला गेला आणि त्याच्या भरवशावर थळचा कारखाना उभा राहिला. १९८५ मध्ये तिथे उत्पादन सुरू झालं. त्या वायूतला मिथेन वाफेबरोबर निकेलवरून जातो आणि हायड्रोजन मोकळा होतो. नायट्रोजनसाठी वेगळी हवा गाळावी लागत नाही. पुढच्या भट्टीत सरळ हवा सोडतात. तिच्यातला ऑक्सिजन थोडा वायू जाळून संपतो, त्या आगीची उष्णता कामी येते आणि मागे नायट्रोजन उरतो. नंतर कार्बनचे सगळे ऑक्साइड काढून टाकायचे, कारण त्यांचा अंशही लोखंडाला निकामी करतो. काढलेला कार्बन डायऑक्साइड वाया जात नाही. पुढे अमोनियाशी त्याची गाठ घालून युरिया होतो.

मग येते ती फेरी. लोखंडावरून एकदा गेल्यावर वायूचा जेमतेम सहावा-सातवा भाग अमोनिया होतो. बाकीचा सोडून द्यायचा नाही. सगळं थंड करायचं, अमोनिया द्रव होऊन खाली बसतो, तो काढून घ्यायचा आणि उरलेला वायू पुन्हा त्याच लोखंडावर पाठवायचा. पुन्हा थंड, पुन्हा काढणं, पुन्हा फेरी. समतोलाला हरवता येत नाही, म्हणून तयार झालेलं सतत उचलत राहायचं. ‘उतारा कमी असूनही ही पद्धत परवडते कशी?’ या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे, आणि आपल्या नोट्समध्ये त्याला सहसा एकच वाक्य मिळतं.

थळला याला लागूनच एक जडपाण्याचा कारखाना आहे. १९८७ पासून अणुऊर्जा खातं आरसीएफचाच वायू घेतं, द्रव अमोनियाच्या धारेसमोरून नेतं आणि त्यातला ड्युटेरियम काढून घेतं. हायड्रोजनच्या साधारण साडेसहा हजार अणूंत ड्युटेरियमचा एक. तो काढल्यावर वायू परत खताच्या वाटेला लागतो. हवा, समुद्रातला वायू आणि पाणी यांपासून बनलेल्या एकाच प्रवाहातून शेताला युरिया मिळतो आणि अणुभट्टीला जडपाणी. मला यात एखाद्या मंदिराच्या शिल्पाइतकी कारागिरी दिसते.

आरसीएफची युरियाची ४५ किलोची गोणी २०२२ पर्यंत ‘उज्ज्वला’ या नावाने आपल्याकडच्या कृषी सेवा केंद्रात ओळखीची होती. तिच्यात साधारण २० किलो नायट्रोजन. पण भातखाचरात फेकलेल्या युरियातला बराचसा पाण्यावाटे वाहून जातो किंवा वायू होऊन उडतो. यावर डॉ. नारायण सावंत यांनी कोकणच्या भातासाठी चारसूत्री पद्धत बसवली. तुसाची राख, गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या. लावणी १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आळीपाळीच्या अंतराने. चार चुडांच्या मधोमध २.७ ग्रॅमची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल चिखलात खुपसायची. हेक्टरी ६२,५०० गोळ्या, एकेक करून, वाकून. खालच्या चिखलात ऑक्सिजन नसतो, म्हणून अमोनियम तिथेच टिकतो आणि मुळांना हळूहळू मिळतो. दोनशे पट दाबाने पकडलेला नायट्रोजन असा बायामाणसांच्या बोटांनी जमिनीत जातो.

तिथून तो तांदळात येतो, तांदळातून आपल्यात. साठ किलोच्या माणसात जवळपास दोन किलो नायट्रोजन असतो, स्नायूंत, रक्तात, डीएनएत. त्यातला मोठा भाग कुठल्या ना कुठल्या कारखान्यात लोखंडावरून गेलेला असण्याची शक्यता भरपूर. आणि शरीरातून बाहेर पडलेला नायट्रोजन नाल्यांतून उल्हास नदीला मिळतो. मोहने-शहाडच्या बाजूला उन्हाळ्यात नदी हिरव्यागार जलपर्णीने झाकली जाते, ती या सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसलेली. हा हिशेब गोणीच्या किमतीत धरलेला नसतो. नैसर्गिक वायूपासून अमोनिया करताना निघणाऱ्या कार्बनचाही नसतो. जगातल्या एकूण ऊर्जेपैकी एक ते दोन टक्के एकट्या अमोनियावर खर्च होते.

म्हणूनच गिरिपुष्पाकडे आणि वालाकडे मी आदराने पाहतो. भात काढल्यावर जमिनीच्या ओलीवर वाल पेरतात. त्याच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू तोच तिहेरी बंध मातीच्या तापमानाला, साध्या हवेच्या दाबाला तोडतात. त्यांच्या विकराच्या गाभ्यातही लोखंड आहे, जोडीला मॉलिब्डेनम. नायट्रोजनच्या एका रेणूमागे ते एटीपीचे किमान सोळा रेणू खर्च करतात. कारखान्यातल्या लोखंडावर रेणू नेमका कसा फुटतो हे गेरहार्ड एर्टल यांनी उलगडलं, २००७ च्या नोबेलमागे तेही काम होतं. पण गाठीतला विकर जे सहज करतो ते मोठ्या प्रमाणावर करणारी भट्टी अजून कोणाला बांधता आलेली नाही.

हिवाळ्यात मुरबाड-शहापूरकडे गेलात तर शेतकऱ्याला विचारून वालाचं एक रोप मुळासकट, माती न झटकता काढा. मुळं पाण्यात धुवा आणि एक गाठ नखाने फोडा. ऑक्सिजनने तो विकर मरतो, म्हणून झाड गाठीत ऑक्सिजन धरून ठेवणारं एक प्रथिन भरतं. ते आपल्या हिमोग्लोबिनचं नातलग आहे. आतला रंग गुलाबी दिसला तर काम चालू आहे. हिरवट किंवा तपकिरी दिसला तर त्या गाठीचं काम संपलेलं असतं.