सर्व्हरची आवृत्ती बदलण्यापूर्वी

पेढीवर बिले करणारे चार-पाच संगणक असले, की त्या सर्वांचा हिसाब ज्या एका संगणकात जमा होतो त्याला सर्व्हर म्हणतात. खतावणी, उधारी, मालाचा साठा, जीएसटी, सारे त्याच्याच पोटात. हा सर्व्हर ज्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतो तीही जुनी होते. मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर 2012 व 2012 आर-टू यांची नेहमीची देखभाल 10 ऑक्टोबर 2023 रोजी बंद केली. 2016 ला 12 जानेवारी 2027 पर्यंत मुदत दिली. मुदतीनंतर यंत्र चालू राहते, पण चोरवाटा बुजवणाऱ्या दुरुस्त्या फुकट मिळत नाहीत.

महिन्याची दुरुस्ती वेगळी आणि आख्खी आवृत्ती बदलणे वेगळे. नोव्हेंबर 2024 मध्ये काही ठिकाणी 2019 व 2022 चे सर्व्हर मालकाला न विचारताच 2025 झाले. ती आवृत्ती ऐच्छिक होती. दुरुस्त्या आपोआप बसवणाऱ्या इतर कंपन्यांच्या सॉफ्टवेअरने ती बसवली, असा मायक्रोसॉफ्टचा खुलासा होता. नव्या आवृत्तीचा परवाना निराळा, आणि मागे फिरायचे तर आधीची पूर्ण प्रत हाताशी हवी.

म्हणून संपूर्ण सर्व्हरची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, डिस्क काढून ठेवावी आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. गेल्या सालची दोन-चार बिले व एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाची बाकी जुळली, तरच ती प्रत खरी. संगणकवाला "बॅकअप झाला" म्हणतो, तेवढ्यावर आम्ही विसंबत नाही. गाठी मोजल्याशिवाय माल मिळाल्याची सही आपण करतो का? जीएसटीचा हिसाब वार्षिक विवरणपत्राच्या अखेरच्या तारखेपासून 72 महिने जपावा लागतो. तपासणीत सर्व्हरचे कारण चालणार नाही.

हिसाबाचे सॉफ्टवेअर व प्रिंटर नव्या आवृत्तीवर चालतील का, हे विकणाऱ्याकडून लेखी घ्यावे. 2012 आर-टूवरून 2025 वर थेट जाता येते, मूळ 2012 वरून नाही.

मासिक विवरणपत्रे 11 आणि 20 तारखेला भरावी लागतात. ते दिवस, मार्चअखेर आणि ईद-दिवाळीची गर्दी टाळावी. पेढी बंद असेल तेव्हा काम करावे आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक संगणकावरून एकेक बिल काढून पाहावे. पुढचे विवरणपत्र भरून होईपर्यंत जुनी प्रत पुसू नये.