विद्यार्थ्यांचा उपग्रह

घर बांधण्यापूर्वी त्याचा आराखडा काढावा लागतो. भिंत चुकली, तर ती पाडून पुन्हा उभारता येते. परंतु आकाशात सोडलेला लहानसा उपग्रह दुरुस्तीसाठी खाली आणता येत नाही. त्यातील चुका आधीच, जमिनीवर असतानाच शोधाव्या लागतात.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी २००८ साली असा एक उपग्रह बनवण्याचा संकल्प केला. त्याचे नाव ‘स्वयम्’. परंतु नुसत्या संकल्पाने कोणी साहाय्य देत नाही. यंत्र कशासाठी हवे, त्याचे वजन किती, त्याला वीज कोठून मिळणार, खर्च किती आणि काळ किती लागणार, या प्रश्नांची उत्तरे प्रस्तावात स्पष्ट असावी लागतात.

‘स्वयम्’चा उद्देश सोपा होता. एका ठिकाणाहून आलेला संदेश साठवावयाचा व दुसऱ्या ठिकाणावरून जाताना तो तेथे पोहोचवावयाचा. जणू तो आकाशातील टपालवालाच! मर्यादा मात्र कठोर होत्या. प्रत्येक बाजू सुमारे १० सेंटिमीटर व वजन सुमारे १ किलोग्रॅम. एवढ्याशा पृष्ठभागावर सूर्यप्रकाशापासून वीज थोडीच मिळणार. म्हणून उपग्रहाची दिशा राखण्यासाठी विजेवर चालणारे साधन न घेता त्यात चुंबक बसवले. होकायंत्राच्या सुईप्रमाणे तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला अनुसरून राहावा, ही त्यामागील कल्पना. मर्यादा आधी ओळखली, की युक्ती सुचते ती अशी.

याहून मोठी अडचण निराळीच होती. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा, तर हे काम आठ वर्षे चालले. आरंभ करणारे विद्यार्थी शिक्षण संपवून गेले, त्यांच्या जागी नवे आले. अशा वेळी प्रत्येक निर्णय व त्याचे कारण लिहून ठेवलेले नसेल, तर नव्यांना सारे पहिल्यापासून आरंभावे लागते. नीट लिहिलेली योजना जुन्यांचा अनुभव नव्यांच्या हाती देते.

२२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोटा येथून पीएसएलव्ही-सी३४ या अग्निबाणाने एकूण २० उपग्रह अंतराळात नेले. त्यांत ‘स्वयम्’ही होता. पहिल्या तुकडीने पेरले, ते पुढच्या तुकड्यांनी वाढवले.

शाळेत साधे पर्जन्यमापक करावयाचे असले, तरी हाच मार्ग उपयोगी पडतो. आधी विचार, मग लेखन आणि त्यानंतर हातोडी!