कुत्र्याच्या अंगावरचे बी

दिवाळीच्या सुमारास वाशिमकडच्या ई-क्लास माळावरून कुत्र्याला लांबवर फिरवून आणावे आणि त्याचे केस भिंगातून पाहावेत. पोटाखाली आघाडा चिकटलेला असतो; गणपतीच्या पत्रीतला तोच. त्याची फळे दांड्यावर खाली टोके करून बसलेली असतात; जनावर घासले की काटेरी आवरणासकट सुटतात. १९४१ साली स्विस अभियंता जॉर्ज द मेस्त्राल याने फिरून आलेल्या आपल्या कुत्र्याच्या केसांतली आकडेदार बोंडे अशीच सूक्ष्मदर्शकाखाली धरली. दप्तराच्या पट्ट्यावरचे वेल्क्रो त्यातून आले.

कुसळी गवत मात्र नुसते चिकटून थांबत नाही. त्याच्या बियांची पिळदार शेपटी भिजली की उलगडते, वाळली की पुन्हा पीळ घेते आणि बी मातीत घुसते. (वर्गात थेंबभर पाण्यात करून पाहा.) टोकावरच्या उलट्या केसांमुळे ते मागे येत नाही. पंजात, कानात शिरले तरी पुढेच सरकते. तेव्हा परतल्यावर कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्या आधी तपासाव्यात.