चाळिशीनंतरचे पडसे

वसंतात व्याख्यान ऐकायला येणाऱ्या श्रोत्यांपुढे पडशासारखा क्षुल्लक विषय मांडावा, याचे कित्येकांना नवल वाटेल. त्यातून बोलणारा वैद्य नाही, डॉक्टर नाही. आमचे शिक्षण सातवी इयत्तेपर्यंत. पुढचे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, सभा आटोपून मंडळी घरी गेल्यावर. पण हा विषय त्याच कचेरीत आमच्याकडे चालत आला. मसाल्याचे कारखाने, विडी कारखाने, सूतगिरण्या, रस्त्यांची झाडलोट अशा कामांवरच्या चाळीस ते पन्नास वयाच्या स्त्रिया नाकारलेल्या रजेचे अर्ज घेऊन येतात. कारण लिहिलेले असते, ‘सर्दी व डोकेदुखी’. वर्षातून सहा-सात वेळा तेच. मुकादम म्हणतो, सर्दीला कोण रजा देतो? मग तीच बाई आमच्या महिला प्रतिनिधीच्या कानात सांगते की, पाळीही हल्ली पुढेमागे होते, रात्री घामाने अंग भिजते, झोप नाही. हे अर्जावर कधी येत नाही. नाकाचा डॉक्टर नाक पाहतो, बायकांचा डॉक्टर दुसरे पाहतो, आणि मुकादम वय पाहतो. या तक्रारी एकाच शरीरातल्या आहेत, तेव्हा त्यांचे एकमेकींशी काही नाते असेल, हा विचार राहूनच जातो.

पाळी सलग बारा महिने आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली, असे वैद्यकशास्त्र मानते. आपल्या देशात ती सरासरीने ४६-४७ व्या वर्षी येते, युरोप-अमेरिकेत ५१ च्या आसपास. परंतु पाळी काही गिरणीच्या भोंग्यासारखी ठरल्या क्षणी थांबत नाही. आधीची काही वर्षे संक्रमणाची असतात. या काळात इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक हळूहळू, एका चालीने उतरत जाते अशी समजूत आहे. तसे होत नाही. ते एखाद्या महिन्यात नेहमीपेक्षाही वर चढते आणि पुढच्यात कोसळते. प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक स्त्रीबीज बाहेर पडले तरच पुरेसे तयार होते. या वर्षांत कित्येक महिने बीज बाहेर पडतच नाही, म्हणून त्याची बाजू आधी लंगडी पडते.

आता नाकाकडे येऊ. मनुष्य दिवसाला सुमारे दहा हजार लिटर हवा आत घेतो. तिला गाळणे, ऊब देणे व ओलावा देणे हे नाकाचे काम. नाकाच्या आतले अस्तर रक्ताने भरलेले असते; रक्त वाढले की ते फुगते आणि वाट बंद होते. नाकाच्या भोवती हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या आहेत: गालांत, कपाळात, डोळ्यांच्या मध्ये आणि त्यांच्याही मागे. यांनाच आपण सायनस म्हणतो. गालातल्या पोकळीची रचना मोठी चमत्कारिक आहे. टाकीचे पाणी सोडण्याचे भोक तळाशी असावे, तर येथे ते वर, जवळजवळ छताशी आहे. मग आतला शेंबूड बाहेर येतो कसा? अस्तरावरचे सूक्ष्म केस तो अहोरात्र झाडून वर चढवितात. पगार नाही, रजा नाही, असे हे झाडूवाले! अस्तर सुजून भोक बुजले की त्यांची मेहनत फुकट जाते, शेंबूड साचतो आणि गाल, कपाळ ठणकू लागते.

अस्तर सुजते ते कधी सर्दीच्या विषाणूने, तर कधी वावड्याने. वावडे, म्हणजे ॲलर्जी, हे कोडे सोडविण्याचे मोठे काम मँचेस्टर या गिरण्यांच्या शहरी झाले. तेथले डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांना स्वतःलाच उन्हाळ्यात शिंका येत. त्यांनी गवताचे पराग स्वतःच्या नाकात घालून पाहिले आणि १८७३ साली पुस्तक लिहून दोष परागांचा असल्याचे दाखविले. ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाच्या फॉन पिर्के यांनी १९०६ साली दिला. नाकाच्या अस्तरात मास्ट पेशी नावाच्या पहारेकरी पेशी असतात. निरुपद्रवी धुळीला त्या एकदा शत्रू समजल्या, की पुढे दर वेळी हिस्टामीन नावाचे द्रव्य सोडतात; त्याने शिंका, खाज, पाणी, सूज.

आणि येथेच दोन्ही धागे एकत्र येतात. इस्ट्रोजेनचा संदेश घेणारी केंद्रे या मास्ट पेशींवर आहेत, नाकाच्या अस्तरातही आहेत. इस्ट्रोजेनमुळे मास्ट पेशी हिस्टामीन अधिक सहज सोडतात, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. प्रोजेस्टेरॉन त्यांना बहुधा आवरते. चढउतार करणारे इस्ट्रोजेन आणि दुबळे झालेले प्रोजेस्टेरॉन, मग नाक तडतडे होईल नाही तर काय? आपल्या आज्यांना याची अर्धी बाजू ठाऊक होती. गरोदर सुनेचे नाक सर्दीवाचून चोंदते आणि बाळंतपणानंतर आपोआप मोकळे होते, हे त्यांनी पाहिलेले असे. पाळी कायमची गेल्यावर इस्ट्रोजेन खाली स्थिरावते, तेव्हा शिंकांऐवजी कोरडेपणा, खपल्या आणि घशात उतरणारा चिकट शेंबूड यांची तक्रार येते. हे नाकापुरतेच राहत नाही. उत्तर युरोपातील स्त्रियांची दीर्घकाळ पाहणी करून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, या संक्रमणातून जाणाऱ्या स्त्रियांत नव्याने दमा सुरू होण्याचे प्रमाण पाळी नियमित असणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळले. नाक आणि फुफ्फुस एकाच वाटेची दोन टोके आहेत. चाळिशीत छातीतून शिटी वाजू लागली तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये.

आता आमच्या विषयाचा खरा गाभा. संप्रेरके नाक तडतडे करतात. पण नाक तडतडते ते कशावर तरी. घरात ते म्हणजे गोधड्या-गाद्यांतले डोळ्यांना न दिसणारे किडे आणि पावसाळ्यात भिंतीवर चढणारी बुरशी. रस्त्याकडेला गाजरगवत, या परदेशी तणाची नोंद १९५६ साली पुण्यातून प्रसिद्ध झाली आणि पुढे ते देशभर पसरले. त्याने अंगाला खाज सुटते तसे नाकही वाहते. तो पालापाचोळा उपटायला आणि झाडायला असते कोण? बहुधा पंचेचाळिशीची बाईच, हातमोज्यांवाचून. विडीच्या कामात तंबाखूची पूड, गिरणीत कापसाचे तंतू. मिरचीचा ठसका मात्र वावडे नव्हे. मिरची कोणाचेही नाक जाळते, आधीच सुजलेले नाक अधिक जाळते, एवढेच. कापसाच्या धुळीने सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, या रोगाला कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ सालच्या कायद्याच्या यादीत जागा मिळाली. नाकाच्या तक्रारीला मात्र कारखान्यात कोणी तक्रारच मानीत नाही. बाईचे वय आम्हाला कोणत्याही वाटाघाटीत कमी करून घेता येणार नाही. धूळ कमी करून घेता येते. जात्याच्या तोंडाशी धूळ ओढणारा पंखा, झाडण्यापूर्वी पाण्याचा शिडकावा, तोंडाला नीट बसणारा मास्क. पदर बारीक धूळ अडवीत नाही.

परंतु सगळे दोष धुळीवर टाकण्याआधी डोकेदुखीचे सांगितले पाहिजे. आमच्या स्त्रिया कपाळावर बाम चोळतात आणि ‘सायनस आहे’ म्हणतात. अमेरिकेत स्वतःला सायनसची डोकेदुखी आहे असे म्हणणाऱ्या सुमारे तीन हजार लोकांची तपासणी झाली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शंभरातील ८८ जणांच्या तक्रारी अर्धशिशीच्या निघाल्या. अर्धशिशीतही नाक चोंदते, डोळ्यांतून पाणी येते, म्हणून फसगत होते. इस्ट्रोजेन कोसळले की अर्धशिशी उठते, त्यामुळे याच वयात ती बळावते. ठणका लागून मळमळते, उजेड सोसत नाही, अंधाऱ्या खोलीत पडावेसे वाटते, तर ती बहुधा अर्धशिशी. घट्ट पिवळा शेंबूड, वास न येणे, गाल दाबला की दुखणे, ताप, ही सायनसची चिन्हे. पहिलीसाठी दुसरीची औषधे वर्षानुवर्षे घेणाऱ्या बायका आम्ही पाहिल्या आहेत.

औषधांविषयी थोडेच बोलतो, ते डॉक्टरांचे क्षेत्र. सायनसची साधी सूज बहुतेक वेळा विषाणूची असते आणि दहा दिवसांत उतरते. तिला अँटिबायोटिक लागत नाही. नाक तत्काळ मोकळे करणारे थेंब चार-पाच दिवसांपलीकडे घातले तर नाक त्यांच्यामुळेच चोंदू लागते. शिंकांच्या जुन्या स्वस्त गोळ्यांनी झोप येते; यंत्रावर काम करणाऱ्या बाईने झोप न आणणारी नवी गोळी मागून घ्यावी, बोटांचा प्रश्न आहे. नाकात मारायच्या स्टेरॉइडच्या फवाऱ्याला लोक नावाने भितात. औषध थोडे असते, बहुतांशी जागच्या जागी काम करते, मात्र रोज व काही आठवडे घ्यावे लागते. मिठाच्या पाण्याने नाक धुणे, आपली जलनेती, उपयोगी आहे. पाणी उकळून गार केलेलेच हवे. २०११ साली अमेरिकेत लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुतल्यामुळे अमीबाचा संसर्ग मेंदूत जाऊन दोन माणसे दगावली. डोळा सुजला, दोन-दोन दिसू लागले, मान आखडली, किंवा मधुमेही बाईच्या नाकातून काळपट स्राव येऊन चेहरा बधिर झाला, तर घरगुती उपाय करीत बसू नये. २०२१ साली काळ्या बुरशीने आपल्या राज्यात काय केले, ते येथील कित्येकांनी पाहिले आहे.

एक काम मात्र फुकटचे आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ज्या दिवशी शिंका वा डोके असेल तेथे एक खूण करावी, पाळीच्या दिवशी दुसरी, आणि खाडे व सुट्ट्या लिहून ठेवाव्यात. तीन महिन्यांनी ते कॅलेंडर डॉक्टरांपुढे ठेवावे. मसाल्याच्या एका कारखान्यातील बाईने असे केले. रविवार कोरे निघाले, दिवाळीचा आठवडा कोरा निघाला. ‘भाऊ, हे घ्या, आता साहेबांना दाखवा,’ म्हणून तिने ते गुंडाळून आमच्या हाती दिले. तिला दळणखात्यातून पॅकिंगला बदलून मिळाले. दळणखात्यात तिच्या जागी त्रेचाळीस वर्षांची दुसरी बाई आली आहे, आणि जात्यावरच्या पंख्याची मागणी अजून वाटाघाटीत आहे.