नारळ नसलेल्या गावची खोबऱ्याची चटणी

नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात एक दानलेख कोरलेला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तिथल्या भिक्षुसंघाला काय काय दिलं, त्याचा तो हिशेब. २,००० कार्षापणं विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवली, आणखी १,००० दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने. आणि त्याच लेखात पुढे नोंद येते, की चिखलपद्र नावाच्या गावी नारळाची ८,००० झाडं दिली. लेख जवळपास १,९०० वर्षांपूर्वीचा. नाशिकचं हवामान नारळाचं नव्हे. तिथल्या डोंगरात राहणाऱ्या भिक्षूंच्या नावावर कुठल्याशा दूरच्या गावची नारळाची बाग लागली होती, आणि ती पैशांच्या ठेवीइतकीच भरवशाची समजली गेली होती.

घाटावरच्या माणसाचं नारळाशी असलेलं नातं या लेखात मला फार स्वच्छ दिसतं. झाड आपल्याकडे नाही, पण फळावाचून आपलं चालत नाही. गोडा मसाला, काळा मसाला, कोल्हापूरचा कांदा-लसूण मसाला, सगळ्यांत भाजलेलं सुकं खोबरं हवंच. भोंडल्याच्या खिरापतीत खोबरं, ओटीत खोबऱ्याची वाटी. जेजुरीच्या गडावर भंडाऱ्याबरोबर खोबरं उधळतात. आणि जेजुरीचा तो कोरडा, उघडा माळ पाहिला की हे खोबरं किती लांबून आलं असेल हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. पण नारळ नसलेल्या या मुलखाने नारळाचं जे सर्वांत चांगलं केलं, ते म्हणजे लसूण-खोबऱ्याची सुकी चटणी.

या चटणीकडे ओल्या नारळाच्या चटणीची गरीब बहीण म्हणून पाहायची सवय आपल्याला लागली आहे. ओला नारळ मिळाला तर ती, नाही तर ही. मला हे मुळातच चूक वाटतं. ओला नारळ आणि सुकं खोबरं हे स्वयंपाकाच्या दृष्टीने दोन वेगळे जिन्नस आहेत, आणि सुकी चटणी दुसऱ्यातूनच होते. ओल्या खोबऱ्यात जवळपास निम्मं पाणी असतं आणि एक तृतीयांश तेल. म्हणून कोकणात किंवा गोव्यात पाट्यावर वाटलेली हिरव्या मिरचीची ओली चटणी सकाळी केली की दुपारपर्यंत संपवावी लागते. उन्हाळ्यात तेवढाही धीर ती धरत नाही. सुक्या खोबऱ्यात पाणी सहा-सात टक्क्यांवर येतं आणि तेल साठ टक्क्यांच्या पुढे जातं. याचा अर्थ सुकं खोबरं कुटताना आपण खरं तर तेलाच्या साठ्याला हात घालत असतो. चटणीला वरून थेंबभर तेल लागत नाही, ते याचमुळे.

बाजारात मिळणारं हे खोबरं दोन वाटांनी तयार होतं. एक वाटीचं: नारळ फोडून दोन अर्ध्या कवड्या उन्हात किंवा भट्टीच्या धगीवर वाळवायच्या. दुसरं गोटा खोबरं, आणि त्याची रीत मला विलक्षण वाटते. पूर्ण पिकलेले नारळ सालासकट, न फोडता, छपराखालच्या माळ्यावर रचून ठेवायचे. आठ महिने, कधी वर्षभर. आतलं पाणी हळूहळू खोबऱ्यात जिरतं आणि आटतं, खोबरं आक्रसून करवंटीपासून सुटतं, आणि नारळ हलवला की आत गोळा खडखडतो. मग सोलून, करवंटी फोडून अख्खा गोटा बाहेर काढायचा. कर्नाटकात तुमकुरू जिल्ह्यातलं तिपटूर हे या गोटा खोबऱ्याचं नावाजलेलं बाजारपेठेचं गाव, आणि महाराष्ट्रातल्या किराणा दुकानात टांगलेल्या पिशवीतलं खोबरं पुष्कळदा त्या भागातून आलेलं असतं. वर्षभर बंद करवंटीत मुरलेल्या या गोट्याला जी गोडसर, दाट चव येते, ती घाईने वाळवलेल्या वाटीला येत नाही. चटणीसाठी मी गोटाच घ्यावा असं सांगेन.

डेसिकेटेड कोकोनट मात्र घेऊ नये. सिलोनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिठाई-बिस्किटांच्या कारखान्यांसाठी त्याचा धंदा वाढला. तपकिरी साल काढून, ओल्या खोबऱ्याचे कण करून ते झटपट वाळवतात. बर्फीला ते उत्तम. चटणीत त्याचा भुसा होतो.

किनाऱ्यावरून माल घाट चढून वर येण्याच्या वाटा फार जुन्या आहेत. नाणेघाटातला जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आजही तिथे उभा आहे. कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली या घाटांनी बैलांच्या पाठीवरून मीठ, सुकी मासळी आणि नारळ-खोबरं वर जाई, धान्य-गूळ खाली येई. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि १८६३ मध्ये तिथून रेल्वे गेली, पण तोवरच्या शतकांमध्ये बैलाच्या पाठीवर हिशेब वजनाचा असे. सोललेल्या नारळातही करवंटी आणि पाणी असतं, ते वाहून नेण्यात कोणाला रस? सुकं खोबरं हलकं, फुटत नाही, आणि महिनोन्‌महिने टिकतं. घाटावरच्या स्वयंपाकाला सुकं खोबरं चिकटलं ते या व्यवहारातून, आणि मग त्या स्वयंपाकाने त्याच्यातून नवीन चव घडवली.

तिखट मात्र या गोष्टीत फार उशिरा आलं. मिरची मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, आणि त्यांच्या जहाजांच्या वाटेने ती आपल्याकडे पोचली. उषवदाताच्या काळातल्या भिक्षूंना तिखट हवं असेल तर मिरी होती, पिंपळी होती, आलं होतं. ही चटणी नव्हती. लसूण मध्य आशियातून फार पूर्वी येऊन रुळलेला. म्हणजे आज ज्या चटणीला आपण अगदी आपली, मातीतली म्हणतो, तिचा एकही मुख्य जिन्नस देशावरच्या मातीचा मूळचा नाही. तिला देशावरची करते ती कृती. चटणी भाकरीबरोबर रानात बांधून न्यायची, कोरड्यास नसेल त्या दिवशी तिच्यावरच जेवायचं, म्हणून ती कोरडी, दणदणीत आणि टिकाऊ हवी.

आता प्रत्यक्ष करायचं ते असं. दोन वाट्या खोबऱ्याचा कीस, लसणाच्या पंधरा-वीस पाकळ्या, दहा-बारा सुक्या मिरच्या, चमचाभर जिरं, चमचाभर मीठ, आणि आवडत असेल तर चिंचेचं लहानसं बोटूक. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० पासून मराठी घरांना वाटी-चमच्याच्या मापाची सवय लावली, ती इथे उपयोगी पडते, कारण चटणीत महत्त्वाचं आहे ते प्रमाण. तरी लसूण गावरान असेल तर पाकळ्या बारीक पण झणझणीत असतात, आणि मोठ्या पांढऱ्या लसणाच्या पाकळ्या पाणीदार. तेव्हा संख्येवर विसंबू नये, वासावर जावं.

खोबरं आधी हातात घेऊन पाहायचं. गोटा फोडून आत हिरवट-पिवळी बुरशी दिसली तर तो फेकायचा. खरवडून उरलेलं वापरायचं नाही. नीट न वाळलेल्या खोबऱ्यावर येणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिनसारखं विष तयार होऊ शकतं आणि ते भाजून जात नाही. फार पांढरंशुभ्र खोबरंही मी टाळते. रंग उजळावा म्हणून गंधकाची धुरी देण्याची रीत या धंद्यात आहे. मग एक तुकडा चावायचा. साबणासारखी चव लागली तर खोबरं खवट आहे. ही साबणाची चव नुसती भासाची नाही. खोबरेल तेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं, एरवी ते तेलाच्या रेणूत बांधलेलं असतं. ओल लागली, बुरशी आली की ते बंधन तुटून लॉरिक आम्ल सुटं होतं. साबण बनवायला याच आम्लाचा उपयोग करतात.

कीस मंद आचेवर, जाड बुडाच्या कढईत, सतत हलवत भाजायचा. खोबऱ्यात साखरेचा अंश असतो आणि तेल भरपूर, त्यामुळे तो फिकट बदामी होईपर्यंत वेळ लावतो आणि मग क्षणात करपतो. बदामी रंगाची सुरुवात झाली की लगेच ताटात काढावा, कारण गरम कढईत तो पुढे भाजत राहतो. करपलेल्या खोबऱ्याचा कडवटपणा तिखटाने झाकत नाही. त्याच कढईत जिरं आणि मिरच्या जरा गरम करायच्या, मिरची कुरकुरीत व्हावी एवढंच.

मिरच्या दोन जातींच्या घ्याव्यात. रंगासाठी ब्याडगी, जिला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिखटपणासाठी लवंगी किंवा संकेश्वरी. मिरचीचं तिखट मुख्यत्वे बियांत नसतं, बिया ज्या पांढऱ्या पडद्याला चिकटतात त्यात असतं, म्हणून नुसत्या बिया झटकून तिखट फारसं उतरत नाही. आणि हे तिखट पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. खोबरं आणि मिरची एकत्र कुटली की सुटणारं तेल तिखट आपल्यात घेतं आणि जिभेवर सारखं पसरवतं. नुसती मिरचीपूड जिभेला बोचते, ही चटणी तितकी बोचत नाही.

लसणाबाबत घराघरांत दोन पक्ष आहेत: भाजून की कच्चा? अख्ख्या पाकळीला वास जवळजवळ नसतो. तिच्या पेशींत अ‍ॅलिइन एकीकडे आणि त्याच्यावर काम करणारं विकर दुसरीकडे असतं. पाकळी ठेचली की दोन्ही एकत्र येतात आणि अ‍ॅलिसिन तयार होतं. ते कॅव्हॅलिटो आणि बेली या शास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये वेगळं काढून दाखवलं. उष्णतेने विकर निकामी होतं. म्हणून आधी भाजून मग ठेचलेला लसूण गोडसर, मऊ लागतो, आणि कच्चा ठेचलेला नाकात जातो. माझी पसंती अर्ध्या पाकळ्या सालीसकट तव्यावर भाजून आणि अर्ध्या कच्च्या घेण्याला आहे. फक्त कच्चा लसूण घातला तर चटणीत पाण्याचा अंश वाढतो आणि दोन-तीन दिवसांत वास उग्र होतो.

कुटण्याचा क्रम बदलू नये. खलबत्त्यात आधी मीठ, मिरची आणि जिरं. मीठ खरबरीत असतं, मिरचीची साल त्याने लवकर तुटते. मग लसूण, तो मिरचीच्या पुडीत ठेचला की त्याचं पाणी पूड शोषून घेते. शेवटी खोबरं, तेही पूर्ण गार झालेलं. गरम कीस कुटला तर तेल आधीच सुटून गोळा होतो. बत्त्याचे घाव वरून पडतात, कीस चेपला जातो, काही कण फुटतात, काही तसेच राहतात. खाताना मध्येच दाताखाली येणारा खोबऱ्याचा कण हाच तर या चटणीचा आनंद.

मिक्सरने हे होत नाही असं मी म्हणणार नाही. १९६० च्या दशकात सुमीतसारखे मिक्सर आले आणि त्यांनी बायकांच्या खांद्यांवरचा फार मोठा भार उतरवला, त्याबद्दल कृतज्ञच असावं. फक्त मिक्सरचं पातं वेगाने फिरताना भांडं तापतं, आणि खोबरेल तेल चोवीस-पंचवीस अंशांनाच वितळतं. सलग फिरवलं की चटणीचा लगदा होतो. बटण क्षणभर दाबून सोडायचं, भांडं हलवायचं, पुन्हा दाबायचं; खोबरं अगदी शेवटी दोन झटके. जमतं.

मुंबईत ही चटणी लाल, बारीक आणि सैल झाली, कारण तिला पावात बसायचं होतं. वडापावाचं श्रेय बहुतेक वेळा दादर स्थानकाबाहेर १९६६ मध्ये गाडी लावणाऱ्या अशोक वैद्यांना दिलं जातं. बटाट्याचा मऊ वडा, मऊ पाव, त्यांच्यामध्ये कोरडं आणि तिखट काहीतरी हवंच होतं. आज कित्येक गाड्यांवर या चटणीत वड्याच्या पिठाचा तळलेला चुरा भरपूर आणि खोबरं नावाला असतं. खोबऱ्याच्या भावाने विक्रेत्यांवर आणलेली वेळ मला समजते. २०२५ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने गोटा खोबऱ्याची आधारभूत किंमत क्विंटलला १२,१०० रुपये ठरवली, आणि त्याच वर्षी बाजारभाव तिच्या दुपटीपलीकडे गेला. घरी करणाऱ्याला मात्र महिन्याला दोन गोटे पुरतात. तिथे शेंगदाण्याचा कूट घालून भर करायची गरज नाही. शेंगदाण्याची चटणी सोलापूरची वेगळी आहे, आणि ती तिच्या जागी थोर आहे.

चातुर्मास पाळणाऱ्या घरांत आषाढापासून लसूण बंद होतो, तेव्हा हीच चटणी हिंग आणि जास्त जिरं घालून करतात. चांगली लागते, पण चार महिन्यांनी पहिल्यांदा लसूण ठेचला की घरभर वेगळाच उत्साह येतो. कुठे कार्तिकी एकादशी झाली की, तर खंडोबाचं नवरात्र असलेल्या घरांत चंपाषष्ठीला, वांग्याचं भरीत आणि रोडग्यांबरोबर कांदा-लसूण पुन्हा ताटात येतो. दिवाळीनंतरच्या त्या कोरड्या हवेत केलेली चटणी काचेच्या कोरड्या बरणीत महिनाभर सहज राहते. कच्चा लसूण जास्त घातला असेल तर फ्रिजमध्ये ठेवावी. बरणीत तेल ओतून ठेवू नये: लसणाला ओल असते, तेलाखाली हवा पोचत नाही, आणि अशा जागी घातक जंतू वाढू शकतात. तेल ताटात, वाढताना घ्यावं. मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत बरणीतली चटणी घट्ट होते, चमचा शिरत नाही. ती बिघडलेली नसते. खोबऱ्याचं तेल गोठलेलं असतं. हवा तेवढा तुकडा फोडून गरम भाकरीवर ठेवावा.