धावताना नडगी का दुखते?

पहाटेच्या धावण्याचा उत्साह नडगीच्या दुखण्यामुळे ओसरू लागला आहे का? मग वेदनाशामक गोळी घेण्याआधी हे जरूर वाचा.

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यालगत किंवा बेझंट नगरच्या इलियट्स बीचवर पहाटे गेलात, तर धावणाऱ्यांमध्ये नोकरी करणाऱ्या आणि घर सांभाळणाऱ्या स्त्रियाही दिसतील. त्यांच्यापैकी अनेकींचे लक्ष जानेवारीतल्या चेन्नई मॅरेथॉनकडे लागलेले असते. पण सरावाचा जोर वाढला की एक तक्रार हमखास सुरू होते, ‘नडगी ठणकते!’

याला चेन्नईचे हवामानही थोडे कारणीभूत आहे. तिथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. रस्त्यांवर पाणी साचते, सराव बुडतो आणि पाऊस उघडताच राहिलेले किलोमीटर भरून काढण्याची घाई होते. मुंबईतही जानेवारीत मॅरेथॉन होते. पावसाळ्यात खंड पडलेला सराव ऐन वेळी वाढवणारे तिथेही असतातच.

ही घाई नडते, कारण हाड जिवंत असते. धावताना त्याची सूक्ष्म झीज होते आणि विश्रांतीच्या वेळी शरीर ती भरून काढते. भार एकदम वाढला की झीज जास्त आणि भरपाई कमी, असे होते. मग नडगी बोलू लागते.

बोट ठेवून पाहा

नडगीच्या आतल्या कडेवर, घोट्याच्या थोडे वरपासून हळूहळू दाबत जा. चार-पाच बोटे लांबीच्या पट्ट्यात दुखत असेल, धावायला लागताना ठणका असेल आणि अंग गरम झाल्यावर तो कमी होत असेल, तर बहुधा तो ‘शिन स्प्लिंट’ असतो. नवशिके, सपाट तळव्यांचे आणि वजन जास्त असणारे यांना तो लवकर गाठतो. वेळीच धावणे कमी केले, तर काही आठवड्यांत आराम पडतो.

मात्र दुखणे एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागीच असेल, धावताना वाढत जात असेल, चालताना किंवा रात्री झोपेतही जाणवत असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घ्यावी. पहिले दोन-तीन आठवडे ही चीर एक्स-रेत दिसेलच असे नाही. म्हणून ‘एक्स-रे चांगला आहे’ एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. गरज पडल्यास डॉक्टर एमआरआय करायला सांगतात. अशा वेळी धावत राहिल्यास चिरेचे रूपांतर पूर्ण फ्रॅक्चरमध्ये होऊ शकते.

सगळेच दुखणे हाडाचे नसते

मऊ वाळूत धावल्याने पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर ताण येतो. पाण्याजवळची वाळू घट्ट असली तरी उतरती असते, त्यामुळे एका पायावर जास्त भार पडतो. काहींची पोटरी ठरावीक वेळ धावल्यावर दगडासारखी घट्ट होते, पाऊल बधिर होते आणि थांबल्यावर थोड्या वेळाने बरे वाटते. हा स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढल्याचा परिणाम असू शकतो.

एकच पोटरी सुजली, गरम व लाल झाली, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर, तर रक्तवाहिनीत गुठळी झालेली असू शकते. तेव्हा चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर थेट रुग्णालय गाठा.

स्त्रियांनी विशेष लक्ष द्यावे

वजन घटवण्यासाठी जेवण कमी आणि धावणे जास्त, हे समीकरण हाडांना महागात पडते. शरीराला पुरेसे अन्न मिळाले नाही की पाळी अनियमित होते किंवा थांबते आणि हाडे कमकुवत होतात. म्हणून पाळी चुकू लागली, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता तर उन्हाच्या आपल्या देशातही सर्रास आढळते. आहारात दूध, तीळ आणि नाचणी असू द्या. चेन्नईत हातगाडीवर मिळणारे नाचणीचे ‘कूळ’ म्हणजे आपल्या आंबिलीची बहीणच!

काय करावे, काय टाळावे

• दुखत असताना धावणे थांबवा. चालतानाही दुखत नसेल तर सायकल किंवा पोहणे चालेल.
• बर्फ फडक्यात गुंडाळून 10-15 मिनिटे शेका. त्याने ठणका कमी होतो, कारण मात्र दूर होत नाही.
• गोळी घेऊन धावू नका. वेदना दबते, इजा वाढतच राहते.
• बुटांचे तळ झिजले असतील तर बूट बदला.
• दुखणे गेल्यावर टाचा उचलण्याचा व्यायाम करून पोटऱ्या बळकट करा.
• पुन्हा सुरुवात करताना थोडे धावा, थोडे चाला आणि अंतर दर आठवड्याला थोडेच वाढवा.

दोन आठवड्यांच्या विश्रांतीनेही दुखणे हटले नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्या. एका ठिकाणचे तीव्र दुखणे असेल, तर तेवढीही वाट पाहू नका. यंदाची शर्यत हुकली म्हणून काही बिघडत नाही, पुढच्या जानेवारीत मॅरेथॉन पुन्हा येईलच. तोवर पाय मात्र धड असायला हवेत!