हातांनी केलेली तपासणी आणि स्तनाचा कर्करोग



स्तनातील गाठीविषयी आपल्या घरांमध्ये मोकळेपणाने बोलले जात नाही. गाठ दुखत नाही म्हणून ती अंगावर काढली जाते, आणि डॉक्टरांकडे जाईपर्यंत आजार पुढे गेलेला असतो. म्हणून मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांच्या एका संशोधनाची माहिती येथे देत आहोत.

संशोधन कसे झाले?

मॅमोग्राफीचे यंत्र महाग आणि ते सगळीकडे असतही नाही. मग प्रशिक्षित हातांनी केलेल्या तपासणीने जीव वाचतील का, हा डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांचा प्रश्न होता. १९९८ मध्ये मुंबईच्या २० वस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रियांपासून काम सुरू झाले. १० वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा तपासणी केली. उरलेल्या १० वस्त्यांत फक्त कर्करोगाची माहिती दिली. सुमारे २० वर्षे पाठपुरावा करून २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

काय आढळले?

तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर सापडलेल्या कर्करोगाचे प्रमाण तपासणी न झालेल्या गटात ४७ टक्के होते, तर तपासणी झालेल्या गटात ३७ टक्के. सर्व वयोगट एकत्र धरता मृत्यू १५ टक्क्यांनी कमी दिसले, पण हा फरक योगायोगाचाही असू शकतो. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये मात्र मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले: वर्षाला दर लाख स्त्रियांमागे सुमारे ३५ ऐवजी २५. पन्नाशीच्या आत असा फायदा दिसला नाही. तरीही गाठ लागली तर कोणत्याही वयात तपासणी हवीच.

आपण काय करावे?

• पन्नाशी ओलांडलेल्या भगिनींनी त्रास नसला तरी दर दोन वर्षांनी डॉक्टरांकडून किंवा प्रशिक्षित परिचारिकेकडून तपासून घ्यावे.
• न दुखणारी गाठ, त्वचेला पडलेली खळी, आत ओढले गेलेले स्तनाग्र किंवा त्यातून येणारे रक्त यांपैकी काही दिसल्यास थांबू नये. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, पण ते तपासणीनेच कळते.
• सरकारी कार्यक्रमात तिशीपुढील स्त्रियांची स्तन, गर्भाशयमुख व तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी होते. जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात चौकशी करावी.
• पुढील उपचारांसाठी भोपाळमध्येच एम्स आणि ईदगाह हिल्सवरील जवाहरलाल नेहरू कर्करोग रुग्णालय आहे. आनंद नगरहून मुंबई गाठण्याच्या विचाराने उशीर करू नये.

आई, सासूबाई, मावशी, आत्या स्वतःहून हा विषय काढणार नाहीत. मुलींनी आणि सुनांनी तो काढावा, आणि घरातील पुरुषांनी सोबत जावे. हळदीकुंकवाला चार जणी जमल्या की तिथेही हे बोलायला हरकत नाही.